आखडलेला खांदा आणि अर्धा लिटर पाणी : लंबकाचा व्यायाम नेमका कसा करायचा?

ब्लाउजचा मागचा हूक लावता येईनासा होतो. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ येते. केस विंचरताना हात कानापाशीच अडतो. खांदा आखडण्याची सुरुवात बहुतेकदा अशा किरकोळ अडचणींनी होते. कुठे पडलेलं नसतं, मारही लागलेला नसतो. त्यामुळे पहिले काही आठवडे 'झोपेत हात अंगाखाली आला असेल' म्हणून जातात.

त्यानंतर घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर दुखतं म्हणून तो हात अंगाशी धरून जपला जातो आणि सगळी कामं दुसऱ्या हातावर येतात. नाहीतर कोणीतरी जाणकार भेटतो आणि तेल लावून, हात धरून, झटका देऊन खांदा 'मोकळा' करून देतो. पहिल्या उपायाने खांदा आणखी आखडतो आणि दुसऱ्याने सुजलेल्या सांध्याला नवी इजा होते. हाडं ठिसूळ झालेली असतील तर अशा झटक्याने हाड मोडूही शकतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक अगदी साधा व्यायाम आहे. पुढे वाकायचं, हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. नंतर हातात थोडं वजन घ्यायचं, त्यासाठी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. फिजिओथेरपिस्ट याला 'पेंड्युलम' किंवा 'कॉडमन' व्यायाम म्हणतात. दिसायला तो इतका सोपा आहे की बरेच जण तो चुकीचा करतात, म्हणून त्यामागचं कारण समजून घेतलेलं बरं.

खांद्याचा सांधा वेगळा कसा?

मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याला अशी खोल वाटी नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला आधार देणारी फऱ्याच्या हाडावरची खोबण लहान व उथळ. बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा हा प्रकार आहे. कोणत्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. म्हणूनच शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा हा आहे आणि सर्वांत सहज निखळणाराही.

हा गोळा जागेवर राहतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सांध्याभोवतीची पिशवीसारखी पातळ वेष्टनं. दुसरी म्हणजे 'रोटेटर कफ' या नावाने ओळखले जाणारे चार स्नायू, जे गोळ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. सांध्याची पिशवी निरोगी खांद्यात बरीच सैल असते. हात खाली असताना तिच्या तळाशी चक्क घडी पडलेली असते आणि हात वर नेला की ती घडी उलगडते. आखडलेल्या खांद्यात हीच पिशवी सुजते, जाड होते, आकसते. उलगडायला घडीच उरत नाही, म्हणून हात वर जात नाही.

यातून निदानाची एक खूणही मिळते. रोटेटर कफचा स्नायू फाटला असेल तर माणसाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर तो बराच वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी ठरावीक जागी अडतोच. घरी करून पाहण्याजोगी आणखी एक चाचणी आहे. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायची आणि हाताचे पंजे बाहेरच्या बाजूला न्यायचे, दोन पानी दरवाजा उघडावा तसे. फ्रोझन शोल्डर असेल तर एका बाजूचं दार फारच कमी उघडतं. हात बाहेर फिरवण्याची ही हालचाल या आजारात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कमी होते. सांध्याच्या झिजेतही असंच दिसू शकतं, त्यामुळे डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे सहसा ठीकच येतो. त्याचा अर्थ 'काहीच झालेलं नाही' असा काढू नये.

हा त्रास प्रामुख्याने चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो आणि स्त्रियांमध्ये थोडा जास्त आढळतो. सर्वसाधारण लोकांमध्ये त्याचं प्रमाण २ ते ५ टक्के धरलं जातं. मधुमेह असणाऱ्यांमध्ये ते १० ते २० टक्क्यांपर्यंत जातं. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात ही तफावत महत्त्वाची आहे. मधुमेहींमध्ये खांदा बरा व्हायला वेळही जास्त लागतो. थायरॉइडच्या विकारांशीही या आजाराचा संबंध दिसतो. म्हणून काही कारण नसताना खांदा आखडला, तर रक्तातली साखर एकदा तपासून घेणं शहाणपणाचं.

बॉस्टनच्या सर्जनची युक्ती

खांद्याच्या या दुखण्याचं वर्णन फ्रेंच सर्जन द्युप्ले यांनी १८७२ मध्येच केलं होतं. पण 'फ्रोझन शोल्डर' हे नाव रूढ झालं ते अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचे सर्जन अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांच्यामुळे. १९३४ मध्ये खांद्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात हे नाव आहे. पुढे १९४५ मध्ये नेव्हियासर यांनी दोष सांध्याच्या आकसलेल्या पिशवीत असल्याचं दाखवलं आणि 'अॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस' हे नाव दिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आज बहुधा तेच लिहिलेलं असतं.

कॉडमन हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. प्रत्येक रुग्णाचा किमान वर्षभर पाठपुरावा करावा, उपचाराचा खरोखर उपयोग झाला की नाही ते नोंदवावं आणि ते जाहीर करावं, असा त्यांचा आग्रह होता. शतकापूर्वी हे ऐकायला सहकारी डॉक्टर तयार नव्हते. याच वादातून १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधलं पद सोडलं. आज रुग्णालयांच्या गुणवत्तेचं मोजमाप ज्या विचारावर चालतं, त्याच्या उगमाशी त्यांचं नाव घेतलं जातं.

खांद्याच्या रुग्णांना त्यांनी पुढे वाकून हात सैल सोडण्याचा व्यायाम सांगितला. त्यातली मेख अशी. सरळ उभं राहून हात समोर खांद्याइतका वर न्यायचा तर स्नायूंना तो उचलून धरावा लागतो. पूर्ण हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोचा. दुखऱ्या खांद्याला एवढं वजन लांबवर पेलणं जड जातं. स्नायू आखडतात, दुखतं आणि हात अर्ध्यावरच थांबतो.

आता हात तसाच ठेवून कमरेतून पुढे वाकलं तर? हात जमिनीच्या दिशेने नुसता लोंबतो. पण धडाच्या तुलनेत पाहिलं तर तो समोर काटकोनात आलेला आहे, जणू खांद्याइतका वर उचललेला. एकाही स्नायूला तो उचलावा लागलेला नाही, ते काम गुरुत्वाकर्षणाने केलं. खाली लोंबणाऱ्या हाताच्या वजनाने सांध्यातली दोन हाडं किंचित एकमेकांपासून दूर ओढली जातात आणि आकसलेल्या पिशवीला हलका ताण मिळतो. या स्थितीत हात डुलू लागला की सांधा हलतो आणि स्नायू मात्र विश्रांतीत राहतात.

वजन कशासाठी, किती आणि कशाचं?

सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे वजन घेऊच नये. तीन किलोचा हात लोंबतोय, तेवढं पुरेसं असतं. डुलणं सहज जमू लागलं आणि रात्रीचं ठणकणं कमी झालं, की वजनाचा विचार करावा. वजनाने इथे दोनच गोष्टी होतात. सांध्याला मिळणारी खालची ओढ थोडी वाढते आणि एकदा सुरू झालेलं डुलणं जास्त वेळ टिकतं. स्नायू बळकट करणं हा याचा हेतूच नाही, त्यामुळे 'जास्त वजन, जास्त फायदा' हा जिमचा हिशेब इथे लागू पडत नाही.

घरात यासाठी पाण्याच्या बाटलीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळा तराजू लागत नाही. अर्ध्या लिटरची बाटली आधी निम्मी भरावी, म्हणजे पावकिलो झालं. आठवडाभर त्रास वाढला नाही तर पूर्ण भरावी. तिथून हळूहळू एक किलोपर्यंत जाता येतं. त्याहून पुढे जायचं असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून.

एक अडचण मात्र आहे. बाटली घट्ट पकडली की मूठ आवळते, मुठीबरोबर पुढचा हात आणि नकळत खांद्याचे स्नायूही ताठ होतात. म्हणजे ज्यासाठी एवढं वाकलो तो सैलपणाच गेला. गुळगुळीत तांब्या किंवा गोल डबा घेतला तर तो निसटेल या भीतीने पकड आणखी घट्ट होते. त्यापेक्षा कडीचा लहान डबा बरा, बोटांत नुसता अडकवता येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे कापडी पिशवीत पावकिलो किंवा अर्धा किलो डाळ घालायची आणि पिशवीचे बंद मनगटावर सैलसर अडकवायचे. मग काही पकडावंच लागत नाही. बंद रुंद असावेत, नाहीतर मनगटाला काचतात. विजेची इस्त्री, कुकर, कळशी असल्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नये.

कृती

आधी खांदा गरम करून घ्यावा. आंघोळीचं गरम पाणी किंवा गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं पुरते. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेली असेल तर पिशवी टॉवेलात गुंडाळावी, भाजलेलं कळत नाही.

न सरकणारं टेबल, ओटा किंवा पलंगाचा कठडा बघून त्याच्या बाजूला उभं राहावं. चाकांची खुर्ची नको. चांगल्या हाताने आधार घ्यावा. उजवा खांदा दुखत असेल तर डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित वाकलेले. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकावं. पूर्ण काटकोनात वाकता आलं तर उत्तम, नाही आलं तर जमेल तेवढं. मान खाली सैल सोडावी, समोर टीव्हीकडे बघत करू नये. दुखरा हात सरळ खाली लोंबू द्यावा. अर्धा मिनिट काहीच करायचं नाही, फक्त हात जड होऊन खाली ओढला जातोय हे जाणवू द्यायचं. बहुतेकांना घाई इथेच होते, पण खांदा सैल सुटण्यासाठी हे अर्धं मिनिट लागतं.

मग शरीराचं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर आणि परत पुढे असं झुलवावं. धड हलतं, त्याच्याबरोबर हात आपोआप पुढे-मागे डुलू लागतो. दहा वेळा असं झालं की वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवावं, म्हणजे हात आडवा डुलेल. त्यानंतर कंबर हलकेच गोल फिरवावी, हातही गोल फिरू लागेल. दहा गोल एका दिशेने, दहा उलट दिशेने. सुरुवातीला गोलाचा व्यास वीतभर असला तरी चालतो, पुढे एक फुटापर्यंत वाढवावा. सगळं मिळून तीन-चार मिनिटांचं काम आहे. दिवसातून दोन-तीनदा करावं. एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. संपल्यावर झटकन ताठ उभं राहू नये, आधार धरून सावकाश उठावं.

हात हाताच्याच स्नायूंनी फिरवणं ही यातली सर्वांत मोठी चूक. धड स्थिर आणि हात मात्र चक्कीसारखा गरगर फिरतोय, असं दिसलं तर तो लंबक राहिलेला नाही. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून केलेल्या मोजमापांतही हे दिसलं आहे. व्यायाम चुकीच्या पद्धतीने केला किंवा गोल फार मोठे घेतले, तर जे स्नायू विश्रांतीत असायला हवेत तेच काम करू लागतात. शस्त्रक्रियेने शिवलेला स्नायू जपायचा असतो, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

आपलं बरोबर चाललंय का, हे तपासायची सोपी रीत आहे. धडाचं झुलणं एकदम थांबवावं. हात आपोआप आणखी दोन-चार हेलकावे घेऊन शांत झाला तर बरोबर. धड थांबताच हातही थांबला, तर स्नायू त्याला धरून आहेत. दुसरी खूण वेगाची. लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो, आपल्या मर्जीवर नाही. माणसाच्या हाताला एक पूर्ण हेलकावा घ्यायला साधारण सव्वा ते दीड सेकंद लागतो. त्याहून बराच भरभर हात हलत असेल तर तो डुलत नाहीये, हलवला जातोय.

कंबरदुखीमुळे उभ्याने वाकता येत नसेल तर पलंगाच्या कडेला पालथं झोपून हात खाली सोडता येतो. खुर्चीत बसून पुढे झुकूनही जमतं, फक्त मग धड झुलवायला जागा कमी मिळते.

किती दुखलं तर चालेल?

'अजिबात दुखायला नको' आणि 'दुखल्याशिवाय मोकळा होत नाही' ही दोन्ही टोकं इथे कामाची नाहीत. वेदनेला शून्य ते दहा गुण दिले तर व्यायाम करताना दोन-तीन गुणांपर्यंतची ओढ चालते. ती थांबल्यावर थोड्या वेळात ओसरली पाहिजे. त्या रात्री झोप जास्त मोडली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आणखी ठणकला, तर प्रमाण जास्त झालं असं समजावं. वजन काढून टाकावं, गोल लहान करावेत, पण व्यायाम पूर्ण बंद करू नये.

फ्रोझन शोल्डर टप्प्याटप्प्याने जातो. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण आखडणं जास्त असे महिने आणि शेवटी हळूहळू सुटण्याचा काळ. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. कोणताही व्यायाम हा काळ जादूने आठवड्यांवर आणत नाही, तसा दावा करणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करावं. लंबकाच्या व्यायामाचा खरा उपयोग पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात होतो. बाकी काहीच सहन होत नसताना सांधा हलता ठेवायला तो मदत करतो. याच टप्प्यात डॉक्टर कधी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. त्याने काही आठवडे ते काही महिने दुखणं कमी होऊ शकतं आणि त्या अवधीत व्यायाम सोपा जातो. मधुमेहींमध्ये या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती वरचेवर तपासावी लागते.

कोणी करू नये?

खांदा नुकताच निखळलेला असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा पडल्यानंतर हात अचानक उचलता येईनासा झाला असेल, तर आधी डॉक्टर. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा व्यायाम अनेकदा सांगितला जातो, पण कधी सुरू करायचा ते सर्जनच ठरवतात आणि हातात वजन त्यांच्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही. वाकल्यावर चक्कर येते, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा काचबिंदू आहे, अशांनी डोकं खाली नेऊ नये. त्यांना काठीने झोपून करायचे व्यायाम जास्त बरे.

खांद्यासोबत ताप असेल, सांधा लाल-गरम झाला असेल, हाताला मुंग्या येऊन पकड सुटत असेल किंवा वजन कारण नसताना घटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. छातीत दाब, घाम, धाप यांच्याबरोबर डावा (कधी उजवाही) खांदा दुखू लागला तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

बाटलीनंतर

लंबक सांधा हलता ठेवतो, पण तो हात डोक्याच्या वर नेत नाही आणि बाहेरही फिरवत नाही. त्यामुळे दुखणं उतरू लागलं की पुढचे व्यायाम जोडावे लागतात. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर चढत जाणं हा त्यातला एक. जिथवर बोटं पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण केली तर आठवड्याला किती फरक पडला ते दिसतं. दुसरा व्यायाम हात बाहेर फिरवण्याचा. उताणं झोपून कोपरं अंगाशी ठेवायची, दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरायची आणि चांगल्या हाताने काठी ढकलत दुखरा पंजा बाहेर न्यायचा. टॉवेल पाठीमागे तिरका धरून वरच्या हाताने ओढण्याचा व्यायाम ब्लाउजच्या हुकासाठी आणि मागच्या खिशासाठी. तो मात्र सर्वांत शेवटी, कारण पाठीमागे हात नेण्याची हालचाल परत यायला सहसा सर्वांत उशीर लागतो.

वजन उचलून स्नायू बळकट करण्याचे व्यायाम यानंतर येतात. तेव्हा हीच अर्ध्या लिटरची बाटली पुन्हा कामाला येते, फक्त तेव्हा ती लोंबकळत ठेवायची नसते, उचलायची असते.